उजवा रकाना

सोयाबीनची मळणी सुरू झाली की नांदेडहून उदगीरकडे जाताना गाडीच्या काचा बंद ठेवाव्या लागतात. मळणीयंत्रातून उडालेला भुसा रस्त्यावर येतो, घशात खवखवतो आणि कॉलरला चिकटून घरापर्यंत येतो. यंदाही आला. आश्विनाचं ऊनही तसंच आहे. सकाळी जरा गारवा असल्यासारखं वाटतं, आणि चहा होईपर्यंत ते वाटणं संपतं. शेताशेतांत कापून ठेवलेल्या गंजींवर ताडपत्र्या आहेत. आभाळाचा नेम नाही म्हणून त्यांच्या कोपऱ्यांना दगड बांधलेले आहेत.

या दिवसांत फोनवर बातम्यांचं पान उघडलं की माझा अंगठा आधी निधन वार्ता शोधतो. मग बाकीच्या बातम्या. ही सवय वयामुळे लागली असं घरचे समजतात. ती एका हंगामात लागली. त्या हंगामात तसं फार काही घडलं नाही. एका दैनिकाची वेबसाइट नव्यानं बांधली गेली आणि एका माणसाला एका गावी वेळेत पोचता आलं नाही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध होता.

मी तेव्हा नांदेडच्या एका दैनिकात वृत्तसंपादक होतो. दैनिक लहान होतं, नांदेड आणि लातूर अशा दोन आवृत्त्या निघत. पानं लावायचं काम मारोतरावांकडे होतं. पान लावणं म्हणजे कोणती बातमी कुठे, किती रुंद आणि कोणाच्या शेजारी बसेल ते ठरवणं. कात्री आणि डिंकाच्या काळापासून ते हे काम करत आले होते. पुढे कात्री गेली, पडदा आला; त्यांची पद्धत बदलली नाही. काम सुरू करण्याआधी ते कोऱ्या पानाकडे थोडा वेळ नुसते बघत बसत. कोणी बोलावलं तर हात वर करून थांबवत.

शेजाराबद्दल त्यांचे नियम होते. निधन वार्तेला लागून लग्नाची जाहिरात ते येऊ देत नसत. अपघाताच्या बातमीखाली मोटारसायकलची जाहिरात आली तर जाहिरात विभागात स्वतः जाऊन ती हलवून घेत. निधन वार्तेचा रकाना तिसऱ्या पानावर, उजवीकडे, वरपासून खालपर्यंत. निवडणुका आल्या, पूर आले, सगळी पानं उलटीपालटी झाली, पण हा रकाना हलला नाही.

"मेलेल्या माणसाची जागा बदलायची न्हाई," ते म्हणत. "लोक तिथंच बघतेत."

लोक खरोखर तिथंच बघत. एसटी स्टँडवर सकाळी पेपर विकत घेणारी वयस्क माणसं पहिलं पान न वाचताच उलटत आणि उजवीकडे नजर टाकत. ओळखीचं नाव नसलं की चेहरा सैल होई, मग ते पहिल्या पानावर परत येत.

वेबसाइट नव्यानं करायचं ठरलं तेव्हा समीनाला घेतलं गेलं. ती लातूरची. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. पुण्यात काही वर्षं हेच काम करून ती अम्मीच्या आजारपणामुळे परत आली होती. आठवडाभर नांदेडला खोली घेऊन राही, शनिवारी लातूरला जाई. मालकांनी तिला सांगितलं, पान कसं दिसावं ते मारोतरावांना विचार. मारोतरावांना सांगितलं, पोरगी म्हणेल तसं करा. दोघांनाही आपल्याच बाजूनं निर्णय झाला असं वाटलं.

प्रश्न साधा होता. वेबसाइट एकच असते. संगणकाच्या रुंद पडद्यावर ती एका तऱ्हेनं मांडली जाते, फोनच्या अरुंद पडद्यावर दुसऱ्या. सुरुवात कोणत्या पडद्यापासून करायची? मारोतरावांचं म्हणणं, आधी मोठं पान पूर्ण लावावं आणि मग फोनसाठी त्याची घडी घालावी. समीनाचं म्हणणं उलट. फोनवर एकाखाली एक एवढंच शक्य असतं, त्यामुळे काय आधी आणि काय नंतर हे ठरवल्याशिवाय सुटका नसते. ते एकदा ठरलं की रुंदी मिळेल तसं पसरता येतं. तिच्या धंद्यात या दोन रीतींना डेस्कटॉप-फर्स्ट आणि मोबाइल-फर्स्ट म्हणतात.

तिनं पहिल्याच दिवशी कोऱ्या न्यूजप्रिंटची एक पट्टी फोनच्या रुंदीची कापून त्यांच्यापुढे ठेवली.

"काका, ह्याच्यात लावा पान."

मारोतरावांनी पट्टी उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली. "ही तर फुटाण्याची पुडी बांधायची पट्टी हाय."

"आपले वाचक ह्याच पट्टीत वाचून राहिलेत, काका. मग सुरुवात इथून करू."

"फोन म्हंजे खिडकी, बेटा. खिडकी बघून कुणी घर बांधतं का?"

"लोक खिडकीतूनच तर बघतात घर."

"बघू दे की. आधी घर तर बांधू."

डेस्कवरचे सगळे आपापली कामं सोडून ऐकत होते. समीनानं खुर्ची जवळ ओढली.

"अब्बांकडं लोक बापाची पँट घेऊन येतात. पोराला बसवून द्या म्हणतात. अब्बा लांबी कापतात, कंबर आवळतात, सगळं करतात. पण खिसा कुठं येतो सांगा?"

"कुठं?"

"गुडघ्यावर. पोरगं वाकून वाकून आत हात घालतं."

मारोतराव हसले. "आन् पोराची पँट वाढवून बापाला व्हती का?"

"नवी शिवायची. माप फक्त पोराचं आधी घ्यायचं."

"म्हंजे तवर बाप उघडा."

त्या दिवशी समीना हरली ती या वाक्यामुळे. हशा झाला आणि हशानंतर वाद पुढे नेता येत नाही. मारोतरावांनी रुंद पडद्यावर पान लावलं. डावीकडे मोठी बातमी, मधे दोन रकाने, आणि उजवीकडे वरपासून खालपर्यंत निधन वार्ता. मालकांनी ते आपल्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, पेपरासारखं दिसतंय. ही आमच्याकडची सर्वांत मोठी पावती होती. फोनवर ते कसं दिसतं हे त्यांनी विचारलं नाही. आम्हीही कोणी विचारलं नाही. आमच्या कचेरीत बातमी वाचायची तर खुर्चीत बसून, मोठ्या पडद्यावर. फोन बोलण्यासाठी होता.

समीनानं एकदा सांगितलं होतं. मी तिथेच उभा होतो.

"काका, हा उजवा रकाना फोनवर खाली जाईल. सगळ्या बातम्यांच्या खाली."

"खाली जाईल म्हंजे? ऱ्हातो ना?"

"राहतो."

"मंग झालं. आपले लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेत."

मारोतरावांच्या आणि माझ्या टेबलांमध्ये एक लोखंडी कपाट होतं. वरचे कप्पे माझे, खालचा त्यांचा. त्या पावसाळ्यात त्यांच्या कप्प्यात एक कापडी पिशवी आली. पिशवीच्या तोंडातून हिरव्या पातळाचा काठ दिसत होता. मी विचारलं तेव्हा त्यांनी कपाटाचं दार लावून घेतलं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर स्वतःहून सांगितलं.

पातळ त्यांच्या बहिणीसाठी होतं. थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. ती उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका गावी दिलेली. आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं पातळ माहेरचं घालतात. आईबाप नसले तर भाऊ घेऊन येतो. तो येईपर्यंत माणसं थांबतात. अक्का वर्षभर अंथरुणाला होती.

"पण तिकडून निरोप येणार न्हाई," मारोतराव म्हणाले.

निरोप न येण्याचं कारण त्यांच्या मुलीचं लग्न. अक्कानं आपल्या थोरल्या मुलासाठी, बालाजीसाठी, भावाची मुलगी मागितली होती. भावाच्या मुलीवर बहिणीच्या घरचा पहिला हक्क, ही त्या भागातली जुनी रीत. मुलगी शिकत होती. तिनं नको म्हटलं आणि मारोतराव तिच्या बाजूनं उभे राहिले. बालाजीनं चारचौघांत सांगितलं, आजपासून ह्या घरचा निरोप मामाला जाणार नाही, सुखाचाही नाही आणि दुःखाचाही नाही. पुढे बालाजीचं दुसरीकडे लग्न झालं, मुलं झाली. बोलणं काही सुरू झालं नाही. मृग लागला तेव्हा अक्का शेजारणीच्या फोनवरून एकदाच बोलली होती.

"काय म्हणाल्या?"

"म्हणली, मी गेले की पातळ तूच आणायचं. लेकरांच्या तोंडाकडं बघू नको."

पातळ त्यांनी दुसऱ्याच दिवशी घेतलं. घरी ठेवू दिलं गेलं नाही. जित्या माणसाचं असलं पातळ घरात ठेवत नाहीत, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. म्हणून ते कचेरीच्या कपाटात आलं.

मी म्हणालो, उदगीरच्या आपल्या वार्ताहराला सांगून ठेवा.

"काय सांगू, साहेब? माझी बहीण मेली की कळव, असं म्हणू?" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "जित्या माणसाचं असं बोलू न्हाई. आन् सांगायची गरजच काय. रकाना रोज माझ्या हाताखालून जातो. दिसंलच."

त्यांनी बहिणीचं नाव सांगितलं नाही, गावाचंही नाही. मीही विचारलं नाही.

नव्या वेबसाइटमुळे त्या रकान्याचं महत्त्व वाढलं होतं, हे इथे सांगायला हवं. पेपरात निधन वार्ता दुसऱ्या दिवशी येते. तोवर सगळं उरकलेलं असतं. वेबसाइटवर ती त्याच दिवशी, तासाभरात येई. गावोगावचे लोक आमच्या लातूर कचेरीच्या नंबरवर मजकूर पाठवत, अंत्यविधीची वेळ लिहीत, आणि तिथलं डेस्क तो टाकत असे. लांबची माणसं ती वेळ बघून निघू शकत. मारोतराव कचेरीत आल्या आल्या आधी वेबसाइटचा उजवा रकाना बघत, मग चप्पल काढून टेबलाखाली सरकवत. हा क्रम मी रोज पाहत होतो. चप्पल निघाली म्हणजे आज काही नाही.

दसऱ्याच्या तोंडावर नांदेडच्या रस्त्यांवर झेंडूच्या गाड्या येतात. जाहिरातीही तेव्हाच येतात. जाहिरात विभागानं मागणी केली, लोक पानावर जास्त वेळ थांबले पाहिजेत. समीनाला सांगण्यात आलं आणि तिनं ते करून दिलं. फोनवर बातम्यांची यादी संपत आली की खाली आणखी बातम्या आपोआप जोडल्या जाऊ लागल्या. त्या संपत आल्या की आणखी. रुंद पडद्यावर काही फरक पडला नाही, रकाना उजवीकडे जागच्या जागी दिसत होता. आम्ही तोच बघत होतो. फोनवर मात्र तो यादीच्या खाली होता, आणि यादीला आता शेवट राहिला नव्हता.

एक-दोन फोन आले. धर्माबादच्या एका गृहस्थांनी जाहिरात विभागाला विचारलं, निधन वार्ता बंद केल्या का? आहेत, पेपर बघा, असं उत्तर दिलं गेलं. आमच्यापर्यंत ही चौकशी पोचली नाही. नंतर कोणी विचारलं नाही. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल लोक फार दिवस विचारत नाहीत. ती नसतेच असं धरून चालतात.

त्याच आठवड्यात मारोतरावांच्या सोयाबीनला मळणीयंत्र मिळालं. त्यांची थोडी जमीन इस्लापूरच्या बाजूला होती. हंगामात यंत्रवाला म्हणेल तो दिवस आपला. नाही म्हटलं तर तो पुढच्या गावी निघून जातो. त्यांनी रजा टाकली. जाताना कपाटातली पिशवी बरोबर घेतली. तिकडूनच निघायची वेळ आली तर, इतकंच म्हणाले. समीनाला म्हणाले, "फोनवर बघतो मी आता तुझी पुडीची पट्टी."

मी त्यांच्या शेतावर एकदा गेलो आहे. यंत्र चालू असताना शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. ते बंद पडलं की कानात काही वेळ नुसतं गरगरतं आणि मग लांबून, पावसाळा चांगला झालेला असेल तर, सहस्रकुंड धबधब्याच्या पाण्याचा आवाज येतो. शेत खोलगट आहे. फोनला रेंज हवी तर बांधाच्या वरच्या टोकाला, एका पळसाखाली जाऊन उभं राहावं लागतं. मळणीच्या दिवशी सकाळी मारोतराव तिथं गेले होते. अंगभर भुसा, डोळ्यांत कण. त्यांनी आमचं पान उघडलं. दुपारी, यंत्रवाला जेवायला बसला तेव्हा, पुन्हा गेले. दोन्ही वेळा अंगठ्यानं खाली खाली सरकत राहिले. बाजारभाव आला, ट्रक उलटल्याचा फोटो आला, दसऱ्याच्या सवलती आल्या, मग आदल्या दिवशीच्या बातम्या आल्या, मग त्याच्या आदल्या दिवशीच्या. रकाना आला नाही. खालून यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. आज काही नाही असं समजून ते उतरले.

मळणी आटोपून ते परत आले तेव्हा मी डेस्कवर होतो. त्यांनी संगणक सुरू केला. उजवीकडे पाहिलं. चप्पल काढली नाही.

मी उठून त्यांच्यामागे गेलो. रकान्यात खालून दुसरी, एक लहान वार्ता होती. आमच्या नेहमीच्या भाषेत, नेहमीच्या लांबीची. अमुक गावच्या गंगाबाई यांचे सकाळी दीर्घ आजाराने निधन झाले. आज सायंकाळी गावीच अंत्यविधी होईल. पश्चात पती, दोन मुले, सुना, नातवंडे. त्या अमक्याच्या भगिनी होत, असं जे शेवटचं वाक्य अशा वार्तेत असतं, ते तिच्यात नव्हतं. तारीख आदल्या दिवसाची होती.

"माझ्या फोनवर का न्हाई आली?" त्यांनी समीनाला विचारलं. आवाज चढलेला नव्हता. एखाद्या फोटोची रुंदी विचारावी तसं विचारलं.

समीनानं त्यांचा फोन घेतला. सरकवत गेली. बातम्या येत गेल्या. तिला कळलं तो क्षण मला दिसला, कारण तिचा अंगठा थांबला आणि पुन्हा चालू झाला तेव्हा ती पडद्याकडे बघत नव्हती.

"काका, रकाना खाली आहे. पण तुम्ही खाली गेलात की तो आणखी खाली जातो. वर नवीन बातम्या येऊन बसतात. पोचता येत नाही."

"कवापासून?"

"जाहिरातवाल्यांनी सांगितलं तेव्हापासून."

मारोतरावांनी फोन परत घेतला आणि स्वतः सरकवून पाहिलं. बराच वेळ. मधेच थांबून तिला दाखवलं, "हितवर आलो व्हतो मी. ह्या ट्रकच्या फोटोपर्यंत. दुपारी ह्याच्या बी पुढं गेलो व्हतो." मग म्हणाले, "पेपरात रकाना पळत न्हाई."

 समीनाचे डोळे भरले होते. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"वर आण."

"किती वर, काका?"

"समद्यात वर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अक्काच्या गावी निघालो तोवर तिनं ते केलं होतं. जाहिरात विभागाला विचारलं नाही, मालकांनाही नाही. फोनवर पान उघडलं की आधी निधन वार्ता आणि मग बाकी सगळं.

आज तो वाद कोणी घालत नाही. आमच्या त्या दैनिकाची लातूर आवृत्ती बंद झाली, समीना हैदराबादला आहे, मारोतराव निवृत्त होऊन इस्लापूरच्या बाजूला राहतात. सगळीकडे आधी फोनचंच पान बांधतात आणि नंतर, सवड मिळाली तर, मोठ्या पडद्याचं. समीनाचं बरोबर होतं हे मालकांनीही पुढे मान्य केलं. ते स्वतः फोनवर वाचू लागले तेव्हा. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. तिचं बरोबरच होतं.

पण मारोतराव ज्याला शेजार म्हणत तो फोनवर नसतो, एवढं लक्षात येतं. कागदावर दोन गोष्टी एकाच वेळी डोळ्यांपुढे असतात. आपण एक वाचत असतो आणि दुसरी, न वाचलेली, नजरेच्या कडेला बसून असते. कित्येक नावं मला अशी, दुसरंच काही वाचताना, कडेनं कळलेली आहेत. फोनवर एकापुढे एक असतं. जे पुढे असतं ते अंगठा तिथवर जाईपर्यंत नसतंच. कोणाला वर ठेवायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि ठरवणाऱ्याला आपल्यासाठी काय मोलाचं आहे हे त्या आधी माहीत असावं लागतं. मारोतरावांना ते माहीत होतं. त्यांनी त्याला आपल्या माहितीतली सर्वांत पक्की जागा दिली होती.

या हंगामात मी लातूरला एका दुकानाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला फोनवर बातम्या वाचताना पाहिलं. अंगठा सारखा चालू होता. चेहरा सैल होत नव्हता की आवळत नव्हता. स्टँडवरच्या त्या वयस्क माणसांची मला आठवण झाली, पहिलं पान उलटताना त्यांचा श्वास जरा थांबायचा त्याची.

त्या सकाळी कचेरीच्या जीपमधून आम्ही तिघं निघालो. मारोतराव पुढे बसले होते, पिशवी मांडीवर. मागे मी आणि समीना. तिला उदगीरहून पुढे घरी जायचं होतं, निदान कारण तिनं तेच सांगितलं. उदगीरच्या अडत बाजारापाशी सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागली होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मारोतराव त्याला म्हणाले, राहू दे, आता काय घाई. पुढे काळी जमीन, कापलेल्या पिकाची धसकटं, पाट्यांवर मराठीखाली कन्नड अक्षरं.

घर गावाच्या कडेला होतं. पुढच्या पडवीत सतरंजी टाकलेली होती आणि अक्काचे यजमान एका बाजेवर बसले होते. फार थकलेले. मारोतराव त्यांच्या पायाशी बसले आणि पिशवी बाजेवर ठेवली. भाऊजींनी पिशवीचं तोंड उघडून आत पाहिलं. पुन्हा बंद केलं.

"वाट बघितली," ते म्हणाले. "दिवस मावळंस्तोवर ठेवली व्हती. लोक म्हणाय लागले, आता उचला. मंग सुनंच्या माहेरचं घातलं."

मारोतरावांनी पिशवी बाजेवर जरा आत सरकवली.

बालाजी दाराशी उभा होता. डोकं भादरलेलं, खांद्यावर पंचा. त्यानं आम्हाला पाणी दिलं. मग भिंतीला टेकून बसला.  आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"मी म्हणलो व्हतो निरोप देणार न्हाई," तो म्हणाला. मामाकडे न बघता. "शब्द गेला व्हता तोंडातून, चारचौघांत. आईनं लई समजावलं, मी आयकलं न्हाई. पण ती गेली तवा तिचं तोंड बघून ऱ्हावलं न्हाई. फोन करायचा तर हात उचलंना. मंग तुमच्याच पेपरात दिलं. सकाळीच दिलं, इंटरनेटवर. लगेच येतं म्हणले. वेळ मुद्दाम टाकाय लावली. म्हणलं मामा तिथंच बसतेत. बघतीलच."

मला तोवर वाटत होतं की ती वार्ता सगळ्या वार्तांसारखी होती.

 मारोतरावांना काय सांगता आलं असतं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. सुतकाच्या घरात, बाजेच्या पायाशी बसून, रकाना पुढे पळतो हे कसं सांगायचं?

समीनाला राहवलं नाही. ती पुढे सरकून बालाजीसमोर बसली.

"दादा, काकांनी बघितलं होतं. दोनदा बघितलं होतं. फोनवर दिसतच नव्हतं. हे बघा, मी दाखवते."

तिनं फोन काढून आमचं पान उघडलं. पान उघडलं आणि सगळ्यांत वर, काळ्या चौकटीत, निधन वार्ता आल्या. तिनं आदल्या संध्याकाळी आणल्या होत्या तिथे. चौथं नाव अक्काचं होतं.

बालाजीनं वाकून पाहिलं. बोट ठेवून नाव वाचलं.

"दिसतंय की," तो म्हणाला.

"आता दिसतंय. आधी खाली होतं. खूप खाली. मी काल वर आणलं."

बालाजीनं तिच्याकडे पाहिलं आणि मग पहिल्यांदा मामाकडे. त्याच्या आवाजात राग नव्हता. रागाची जागा केव्हाच संपली होती.

"खाली व्हतं तर खाली बघायचं, मामा. आईची बातमी व्हती."

"हाव," मारोतराव म्हणाले.